शेजारच्या राज्यातलं कॉलेज आणि अडीचपट फी: यातून वाट कशी काढायची?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही आठ वर्षांपासून न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीजवळ राहतो. मुलगी हायस्कूलच्या अकरावीत आहे, तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. कोलोरॅडो आणि ॲरिझोनातल्या सरकारी विद्यापीठांची परराज्यातल्यांसाठीची फी बघून धडकी भरली. कोणीतरी म्हणालं, 'वूई'मध्ये फी बरीच कमी होते. हे खरं आहे का? आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, मुलगी एच-४ वर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे."

ताई, वूई, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांनी एकमेकांच्या मुलांना फीत सवलत द्यायची योजना, आहे, खरं आहे, आणि दरवर्षी हजारो मुलांना त्याचा फायदा होतो. पण त्याच्या मागे धावण्याआधी तुमच्या राज्यात तुमच्या मुलीच्या हक्काचं काय आहे ते बघा, कारण ते वूईपेक्षा मोठं असू शकतं. मी पश्चिमेकडच्या एका सरकारी विद्यापीठात वीस वर्षांहून जास्त काळ प्रवेश आणि रेसिडेन्सीचं, म्हणजे कोणाला राज्याचं रहिवासी धरायचं याचं, काम बघते आहे. जे सांगते ते याच टेबलावर बसून शिकलेलं आहे.

आधी फी एवढी का असते ते समजून घेऊ. सरकारी विद्यापीठ राज्याच्या करांतून चालतं, म्हणून त्या राज्यातल्या मुलांना फी कमी आणि बाहेरून येणाऱ्यांना जास्त. आपल्याकडे डोमिसाइल म्हणतो तसाच हा प्रकार, फक्त इथे त्याचा परिणाम जागेपेक्षा पैशांवर जास्त होतो. कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांची सरासरी फी राज्यातल्यांसाठी ११,६१० डॉलर होती, बाहेरच्यांसाठी ३०,७८०. राहणं-खाणं यात धरलेलं नाही. पालक विचारतात, "तिथे जाऊन वर्षभर राहिली की ती तिथलीच होईल ना?" तसं सहजासहजी होत नाही. एक वर्ष राहण्याची मिनेसोटाची अट सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये कायम ठेवली. १९७३ मध्ये कनेक्टिकटच्या प्रकरणात कोर्टाने एवढंच म्हटलं की एकदा बाहेरचा ठरलेला विद्यार्थी कायम बाहेरचाच राहील असा शिक्का मारता येणार नाही, त्याला आपलं म्हणणं सिद्ध करायची संधी द्यावी लागेल. पण ती संधी घेणं सोपं नसतं. फक्त शिकायला आलेली आणि आईवडिलांच्या पैशांवर जगणारी मुलगी त्या राज्याची रहिवासी आहे, हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

म्हणून मग राज्यांनी आपसांत करार केले. पश्चिमेच्या राज्यांची संस्था म्हणजे वेस्टर्न इंटरस्टेट कमिशन फॉर हायर एज्युकेशन. आद्याक्षरांवरून सगळे तिला 'विची' म्हणतात. ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली, तिचं ऑफिस कोलोरॅडोत बोल्डरला आहे आणि न्यू मेक्सिको तिचा सदस्य आहे. वूई, म्हणजे वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, ही तिचीच योजना, १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली. नियम साधा आहे: सदस्य राज्यातली मुलगी दुसऱ्या सदस्य राज्यातल्या सहभागी विद्यापीठात शिकली, तर तिच्याकडून तिथल्या इन-स्टेट, म्हणजे त्या राज्यातल्यांसाठीच्या, फीच्या जास्तीत जास्त दीडपट फी घ्यायची. सरासरीचेच आकडे धरले तर दीडपट म्हणजे साधारण १७,४०० डॉलर. पूर्ण परराज्य फीपेक्षा वर्षाला तेरा हजारांहून जास्त वाचतात, चार वर्षांत ५३ हजारांच्या वर.

यजमान राज्य हे का करतं? मेहेरबानी म्हणून नाही. वर्गात तीस खुर्च्या आहेत, बावीस भरल्यात, प्राध्यापकाचा पगार आणि प्रयोगशाळेचा खर्च तर होतोच आहे. उरलेल्या आठ खुर्च्यांवर दीडपट फी भरणारी मुलं बसली तर विद्यापीठाचं नुकसान काहीच नाही. आणि पाठवणाऱ्या राज्याला प्रत्येक विषयाचा विभाग स्वतः उभारावा लागत नाही. लोकसंख्येने लहान राज्यांना हे फार महत्त्वाचं आहे. ज्या विषयाला वर्षाला पाच-सहाच मुलं येणार, त्यासाठी इमारत आणि यंत्रं उभी करणं म्हणजे करदात्यांचा पैसा वाया घालवणं.

याच हिशेबात वूईच्या मर्यादाही आल्या. जिथे खुर्च्या रिकाम्या नाहीत, तिथे सवलत नाही. बर्कली, यूसीएलए, सिॲटलमधलं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन ही नावं वूईच्या यादीत शोधत बसू नका. यादीतल्या विद्यापीठांतसुद्धा नर्सिंगसारखे गर्दीचे विषय बऱ्याचदा वगळलेले असतात. काही ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि त्या मार्कांवर देतात. काही ठिकाणी वूई फक्त पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला मिळतं, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला आलेल्यांना मिळत नाही. बहुतेक विद्यापीठं वूई आणि दुसरी मेरिट स्कॉलरशिप एकत्र देत नाहीत. कधी साधी मेरिट स्कॉलरशिपच वूईपेक्षा भारी पडते, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. आणखी एक गोष्ट पालक ध्यानात घेत नाहीत: वूईवर काढलेली वर्षं त्या राज्याच्या रेसिडेन्सीसाठी मोजली जात नाहीत. "दोन वर्षं वूई, मग इन-स्टेट" असा बेत असेल तर तो सोडून द्या.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ऑगस्टमधली दुपार. वडील आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा माझ्यासमोर बसलेले. मध्ये दोन बिलं, मागच्या वर्षीचं आणि यंदाचं. मागच्या बिलावर ट्यूशन फीच्या खाली एक वजा रक्कम होती, शेजारी 'वूई' लिहिलेलं. यंदाच्या बिलावर ती ओळच नव्हती. वडिलांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले, जणू कुठेतरी ती ओळ दबून राहिली असेल. मुलाने उन्हाळ्यात विषय बदलला होता आणि नवा विषय सवलतीतून वगळलेला होता. नियम वेबसाइटवर होता, सर्वांत खाली, बारीक अक्षरांत. विषय बदलण्याच्या फॉर्मवर सही घेताना त्याला कोणीच काही विचारलं नव्हतं. आम्ही अर्ज केला, एका सेमिस्टरची सूट मिळाली, पुढच्या सेमिस्टरला तो घरी परतला. मुलगा हुशार होता आणि चूक त्याची नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देते: विषय बदलायच्या आधी फीच्या ऑफिसात विचार. तुमच्या मुलीलाही हे आत्ताच सांगा. अठराव्या वर्षी ठरवलेला विषय एकोणिसाव्या वर्षी बदलतो, त्यात गैर काही नाही, पण त्याची किंमत आधी कळायला हवी.

आता तुमच्या राज्याकडे वळू. तुमच्या पत्रात वूई आहे, कोलोरॅडो आहे, ॲरिझोना आहे, पण अल्बुकर्कीचं युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिको नाही, लास क्रूसेसचं न्यू मेक्सिको स्टेटही नाही. का नाही? राज्याच्या लॉटरीच्या पैशांतून दिली जाणारी न्यू मेक्सिकोची लॉटरी स्कॉलरशिप आधीपासून आहे, आणि २०२२ मध्ये ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिपचा कायदा झाला. दोन्ही मिळून राज्यातल्या मुलांना राज्याच्या सरकारी कॉलेजांत ट्यूशन फी जवळजवळ भरावीच लागत नाही. ठरावीक क्रेडिट आणि २.५ जीपीए (ग्रेडची सरासरी) राखावा लागतो. म्हणजे तुम्ही १७ हजारांची तुलना ३० हजारांशी करताय, ती शून्याशी करायला हवी. इतर राज्यांतल्या पालकांना मी वूई आवर्जून सुचवते. तुमच्यासाठी मात्र पदवीच्या चार वर्षांकरता घरचंच विद्यापीठ हा माझा पहिला सल्ला. व्हेटरनरी कॉलेजांना प्रवेशासाठी हवे असलेले जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्राचे कोर्स तिथे सगळे होतात. पैसा राखून ठेवा, पुढे लागणार आहे.

एच-४ बद्दल. न्यू मेक्सिकोत २००५ चा एक कायदा आहे आणि तो तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. राज्यातल्या हायस्कूलमध्ये किमान एक वर्ष शिकून तिथूनच पास झालेल्या मुलांना, इमिग्रेशन स्टेटस कोणतंही असो, राज्यातल्यांची फी आणि राज्याची आर्थिक मदत त्याच अटींवर मिळते. तुमच्या मुलीचं सगळं हायस्कूल तिथेच झालेलं असणार. तरी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसला कायद्याचा उल्लेख करून ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. काउंटरवर तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. काउंटरवरचा माणूस चांगला असतो, पण एच-४ ची प्रकरणं त्याच्याकडे वर्षाला एखादीच येते.

परराज्यात मात्र चित्र बदलतं. तुमच्या मुलीला न्यू मेक्सिकोची रहिवासी मानायचं की नाही, हे वूईसाठी समोरचं विद्यापीठ ठरवतं. काही एच-४ ला सहज मानतात, काही मानत नाहीत. आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. ग्रीन कार्ड तोवर आलं नाही आणि तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागलं, तर अनेक विद्यापीठं तिला परदेशी विद्यार्थिनी धरतील आणि सवलत मध्येच तुटेल. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षात हे समोर येतं, आणि तेव्हा परत फिरणं महाग पडतं. रांगेतल्या कुटुंबांची मुलं इथल्या शाळांत लहानाची मोठी होतात आणि पदवीच्या उंबरठ्यावर परकी ठरतात, हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं. पेल ग्रँटसारखी फेडरल मदतही एच-४ वर मिळत नाही. म्हणूनच राज्याचा कायदा तुमच्या बाजूने आहे तिथे त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

आता खरा विषय, प्राण्यांची डॉक्टरकी. न्यू मेक्सिकोत व्हेटरनरी कॉलेज नाही, म्हणजे पदवीनंतर तिला बाहेर जावंच लागेल, आणि राज्याराज्यांतला सहकार इथे सर्वांत जास्त कामाला येतो. विचीची वूईपेक्षाही जुनी योजना म्हणजे प्रोफेशनल स्टुडंट एक्स्चेंज प्रोग्राम. ज्या राज्यात व्हेटरनरी किंवा डेंटल कॉलेज नाही, ते राज्य आपल्या मुलांसाठी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजाला थेट पैसे देतं. मुलीला तिथे तिथल्यांइतकी किंवा पूर्ण फीपेक्षा बरीच कमी फी पडते. फोर्ट कॉलिन्सचं कोलोरॅडो स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट ही यातली ओळखीची ठिकाणं. न्यू मेक्सिको व्हेटरनरीसाठी यात भाग घेतं. मदत घेतलेल्यांनी शिक्षण झाल्यावर परत येऊन राज्यात काम करायचं, नाहीतर पैसे फेडायचे. किती मुलांना मदत मिळेल ते राज्याची विधानसभा त्या वर्षी किती पैसे मंजूर करते त्यावर असतं. म्हणून यावर घर बांधू नका, पण अर्ज चुकवूही नका. रहिवासाच्या अटी इथे वूईपेक्षा कडक असू शकतात, त्यामुळे तुमचा व्हिसाचा प्रश्न इथेही लेखी विचारावा लागेल.

परत येण्याची अट काही पालकांना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. रँचवर गाय अडली आणि सर्वांत जवळचा डॉक्टर दोन तासांवर असेल, तर त्या रँचवाल्याच्या करातून शिकलेल्या मुलीने काही वर्षं तिथे काम करावं ही अपेक्षा रास्त आहे. दुसऱ्या राज्यात जागा मिळवण्याचे असे करार दक्षिणेतही आहेत. केंटकीत व्हेटरनरी कॉलेज नसताना अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात केंटकीच्या मुलांसाठी दरवर्षी ३८ जागा कराराने राखलेल्या आहेत. केंटकीतले कितीतरी व्हेट ऑबर्नचे असतात ते यामुळेच.

वैद्यकीय शिक्षणातलं याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला 'व्वामी' वाटतं. वॉशिंग्टन, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो यांनी १९७१ मध्ये ही व्यवस्था सुरू केली, १९९६ मध्ये वायोमिंग आलं. पाच राज्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं. मेडिकल कॉलेज एकच, सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचं. पण मोंटानाचा विद्यार्थी सुरुवातीचा अभ्यास बोझमनला करतो, आयडाहोचा मॉस्कोला, अलास्काचा अँकरेजला, वायोमिंगचा लारामीला. रुग्णालयातलं शिक्षण पाचही राज्यांत पसरलेलं आहे, त्यात लहान गावंही येतात. जागा आणि पैसा ज्या त्या राज्याच्या खात्यावर. नुसती फी कमी करून डॉक्टर गावात येत नाहीत. शिकताना त्याने ते गाव, तिथला लांबचा रस्ता, तिथलं एकच नर्स असलेलं क्लिनिक बघितलेलं असावं लागतं. हे व्वामीने ओळखलं, म्हणून मला तिचं कौतुक आहे.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण प्रादेशिक सहकार हा शब्द नेहमीच स्वच्छ हेतूने वापरला गेला असं नाही. अशा करारांची सुरुवात दक्षिणेतून झाली, १९४८ मध्ये. तेव्हा तिथली गोऱ्यांची बहुतेक विद्यापीठं कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देत नव्हती. त्याआधी दहा वर्षं, १९३८ मध्ये, मिझुरीच्या लॉइड गेन्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं की गोऱ्यांना राज्यात लॉ कॉलेज असताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला फी देऊन दुसऱ्या राज्यात पाठवून जबाबदारी संपत नाही. तरीही प्रादेशिक कराराचा वापर त्याच कामासाठी झाला. एस्थर मॅक्रेडी या तरुणीने मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोरच्या नर्सिंग कॉलेजात अर्ज केला, तेव्हा तिला सांगितलं गेलं की करारानुसार तुझी सोय टेनेसीत, नॅशव्हिलच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजात करतो. ती कोर्टात गेली. १९५० मध्ये मेरीलँडच्या अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला: राज्यातलं दार बंद ठेवायला आंतरराज्य करार चालणार नाही. १९५३ मध्ये ती त्याच कॉलेजातून पदवीधर झाली. म्हणून आजही कुठला करार समोर आला की मी आधी विचारते, यातून कोणाला जास्तीची वाट मिळते आहे, आणि कोणाला घरच्या दारातून बाहेर काढलं जातंय? राज्याने एखादा विभाग बंद करताना "शेजारच्या राज्यात सवलत आहे ना" असं म्हटलं, तर नोकरी सांभाळून शिकणारी आई किंवा आजारी वडिलांना सोडून जाऊ न शकणारा मुलगा तिथे कसा जाणार, याचं उत्तर त्याने द्यायला हवं.

दुसऱ्या राज्यांतली मराठी कुटुंबंही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिणेची सोळा राज्यं सदर्न रीजनल एज्युकेशन बोर्ड (एसआरईबी) या संस्थेत आहेत. त्यांचं ॲकॅडेमिक कॉमन मार्केट १९७४ पासून चालू आहे. तिथे दीडपट नाही, थेट इन-स्टेट फी लागते, पण तो विषय तुमच्या राज्यात उपलब्ध नसावा लागतो आणि तुमच्या राज्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. टेक्सास आणि फ्लोरिडा यात फक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आहेत, नॉर्थ कॅरोलिना नाही. डॅलस-ऑस्टिनकडचे पालक हे नेहमी उशिरा शोधतात. मिडवेस्टच्या बारा राज्यांचा करार १९९१ चा, लोक त्याला एमहेक म्हणतात. सरकारी विद्यापीठात जास्तीत जास्त दीडपट फी आणि सहभागी खाजगी कॉलेजात दहा टक्के सूट, पण बारापैकी प्रत्येक राज्य या विद्यार्थी-योजनेत असेलच असं धरू नका. मिनेसोटाचे शेजारच्या राज्यांशी स्वतंत्र करार आहेत, ते आधी बघा. न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांची संस्था १९५५ ची, फीची कमाल मर्यादा पावणेदोनपट, आणि तिथेही सहसा विषय घरच्या राज्यात नसावा लागतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी सारा नावाचा वेगळा करार आहे, पण तो कॉलेजांच्या परवानगीपुरता आहे. त्याने तुमची फी कमी होत नाही.

आणि ताई, यातलं जवळजवळ काहीच आपोआप मिळत नाही. काही विद्यापीठं पत्ता बघून वूई लावतात, बाकीच्यांकडे प्रवेशअर्जात एक चौकोन असतो, तो भरायचा राहिला की संपलं. तारखाही प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधीच्या असतात.

तुमच्या मुलीचं आत्ताचं काम वेगळं आहे. व्हेटरनरी कॉलेजं मार्कांइतकंच प्राण्यांबरोबर घालवलेल्या तासांकडे बघतात. उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या जनावरांच्या डॉक्टरबरोबर तिला जाऊ द्या, आणि पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास, काम आणि डॉक्टरांची सही असं लिहून ठेवायला सांगा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तिने सांता फेच्या, राज्याच्या हायर एज्युकेशन डिपार्टमेंटला प्रोफेशनल एक्स्चेंजबद्दल स्वतः ईमेल करावा. तोवर तुमच्या व्हिसाचं काय झालंय तेही कळलेलं असेल, आणि तेव्हा मला पुन्हा लिहा.